दोन खोल्या जास्त

पहिल्याच भेटीत त्याने तिचा डोंगर मोडला. पुठ्ठ्याचाच होता, पण चांगला माणसाएवढा उंच, सहलींच्या ऑफिसच्या दारात उभा केलेला. शेजारी नुकतंच चष्म्याचं दुकान थाटलेला हा गृहस्थ मोबाइलमध्ये बघत आला आणि थेट शिखरावर आदळला.

"लोकांचे डोळे तपासता ना तुम्ही?" डोंगराचे दोन तुकडे हातात धरून ती म्हणाली.

"लोकांचे तपासतो... माझे कोण तपासणार?" तो ओशाळून हसला. "भरपाई करतो, मॅडम. घरच्यांना कुठंतरी फिरवून आणायचंच आहे. कुठं, ते तुम्ही सुचवा."

झालं! तिथून चष्मेवाल्याची ये-जा सुरू झाली. घरात माणसं आठ आणि मतं सोळा. तिने समुद्र सुचवला, तर दुसऱ्या दिवशी स्वारी हजर — "आजोबा म्हणतात, नुसतं पाणी काय बघायचं?" जंगल सुचवलं. "आत्या म्हणते, माकडं बघायला एवढ्या लांब कशाला? दादाची जुळी आहेत की घरात!" किल्ला सुचवला, तर आईचे गुडघे आडवे आले. प्रत्येक नकार तो इतक्या आनंदाने आणायचा, की तिला राग यायच्या ऐवजी उद्याची वाट बघावीशी वाटायची. तो समोर बसला की ती उगाच नकाशात डोकं खुपसायची. कान मात्र लाल व्हायचे. मेल्या कानांना कोण समजावणार?

शेवटी तळं सापडलं. काठावर बैठं घर, अंगणाभोवती खोल्या, चढउतार नाही, आणि दोघांपुरती एक वल्ह्याची होडी. आता नाही म्हणायला जागाच नव्हती. तो बराच वेळ फोटो बघत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला, पण अगदी पडलेल्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

"मी त्याची आत्या बोलतेय. पोरी, तळ्यावर दोन खोल्या जास्त घे. माझी मैत्रीण येतेय, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. होडीत दोघंच बसतात ना? बरं झालं. आमच्या पोराला तिच्या लेकीशी जरा मोकळं बोलता येईल. पण हे त्याच्या कानावर घालू नकोस हं, नाहीतर यायचाच नाही तो. विश्वासाने सांगतेय."

"नाही सांगणार," ती सवयीने म्हणून गेली. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा ऑफिसचा नियमच होता. फोन ठेवला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. ती होडी तिनेच तर शोधली होती!

संध्याकाळी तो आला.

"दोन खोल्या वाढल्यात म्हणे. आत्याची एक मैत्रीण येतेय, घरच्यांना घेऊन. करून टाका पक्कं."

तिने नावं भरली. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं... आणि बोट हलेना. सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर हा माणूस हातचा जातो. इकडे आड, तिकडे विहीर!

"काय झालं? जागा नाही का?" त्याने चक्क आशेने विचारलं.

"आहे."

"मग?"

"तुम्ही हे... दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्याच्याने होणार नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. "तुम्ही तिथं जाऊ नये, असं वाटतंय मला. म्हणजे... माझ्याशिवाय जाऊ नये. झालं समाधान?"

तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "आजोबांना समुद्र फार आवडतो."

"काय?"

"आणि आईचे गुडघे ठणठणीत आहेत. तळं सोडलं तर घरी मी एकही जागा सांगितली नाही. तुमचं शोधणं संपलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने आलो असतो इथं?" बोलता बोलता तो थबकला. "थांबा... दोन खोल्या. त्या मैत्रिणीला लग्नाची मुलगी आहे!"

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी काही बोलणार नाही."

ती नको नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावलासुद्धा, तोही स्पीकरवर.

"आत्या, तुझ्या मैत्रिणीच्या मुलीबरोबर मी होडीत बसणार नाही. मला इथली सहलीवाली आवडते."

पलीकडून आत्याचा आवाज आला, "ती पोरगी आहे का तिथं? काय गं, विश्वासाने सांगितलं होतं ना तुला?"

"तुमचं काही नाही सांगितलं, आत्या." ती फोनकडे वाकली. "मी फक्त माझं सांगितलं."

तो टेबलाची कड धरून उभा होता. आत्याने आता नाही म्हटलं, तर घरात रोजचा धुरळा, हे दोघांनाही कळत होतं.

"मैत्रिणीला आता काय तोंड दाखवू मी?" आत्या धुसफुसली. "जाऊ दे, तिची समजूत मी घालते. त्या दोन खोल्या मात्र राहू देत... घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो 'सांगा, सांगा' अशा खुणा करत होता.

"आई, बाबा आणि मी."

"मग बसतील की दोन खोल्यांत," आत्या म्हणाली. "विचार त्यांना, आणि उद्या मला कळव."