एमजी आणि बाटलीभर पाणी

शहाद्याच्या बाजारात, शांतिलाल हार्डवेअरच्या पायऱ्या एक तरुण चढला, काहीतरी मागायला त्यानं तोंड उघडलं – आणि शिंकला. मग पुन्हा. मग पुन्हा... गल्ल्यावरच्या फाल्गुनीनं सहापर्यंत मोजलं आणि हसू लपवायला खालच्या खणात उगाच काहीतरी शोधू लागली.

“मिरची,” नाक पुसत तो म्हणाला. “माझ्या गाडीत पंधरा वर्षं मिरचीची पोती ठेवली होती.”

त्याचं नाव अभिनंदन. घर नवापूरला, घरचं कापडाचं दुकान; स्वतः मात्र पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात इंजिनिअर. त्याला हवा होता जुन्या इंग्रजी मापाचा पाना. मिलिमीटरचा चालत नव्हता, साध्या इंचाचाही बसत नव्हता. पार नाशिकपर्यंत विचारून झालं होतं.

फाल्गुनी शिडीवर चढली. तिच्या आजोबांच्या काळी कापसाच्या जिनिंगची यंत्रं विलायतेहून यायची. त्यांचे पाने हल्ली कुणी मागत नसे, पण टाकवतही नव्हते. तिनं पत्र्याचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं एक पाना उचलला, खिशातल्या बोल्टवर चढवून पाहिला. चपखल बसला. देवळात प्रसाद घ्यावा तसा त्यानं तो ओंजळीत धरला.

“तुमचे उपकार कसे मानू, कळत नाही.”

“पानाच तर आहे,” ती म्हणाली. पण ती ओंजळ तिला दिवसभर आठवत राहिली.

त्यानंतर तो रोज यायला लागला. एका दिवशी एक वॉशर, दुसऱ्या दिवशी एक बोल्ट, तिसऱ्या दिवशी नुसतं माप विचारायला. येताना कारखान्याच्या मळीचा गोडसर वास घेऊन यायचा आणि थोडी थोडी गाडीची गोष्ट सांगून जायचा. एमजी होती ती, विलायती मोटार, १९४८ची, दोनच माणसांची, तारेच्या चाकांची. कोरीट गावच्या इंद्रसिंगबाबांच्या वडिलांनी एका साहेबाकडून घेतलेली. भंगारवाले येऊन गेले, वरातीसाठी भाड्यानं देणारे येऊन गेले. बाबांनी सगळ्यांना परत पाठवलं. अभिनंदन मात्र गेला तो थेट गाडीखाली शिरला आणि दोन तास बाहेरच आला नाही. मग बाबा खाटेवरून उठले. “मन्ही गाडी भंगार नही,” ते म्हणाले. “चालाडशी तं लई जा.”

गाडीच्या गाद्यांमधून अजून मिरचीचं बी निघत होतं. एकेक बोल्ट ढिला करताना त्याला शिंका येत, आणि तो त्या शिंकांसकट सगळं सांगे. फाल्गुनी ऐकायची. मान खाली, हातात खिळ्यांची पुडी... डोळे मात्र हसरे.

दुकानात माल निवडणाऱ्या तापीबाईंच्या नजरेतून हे सुटणार थोडंच! एकदा तो गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “त्याले बोल्ट नही लागत, पोरी. त्यानं डोकं ढिलं व्हयेल शे.”

फाल्गुनी लाजली, आणि मग घाबरली. घाबरण्याला कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी आई, इचरजबाई, फार आजारी होती, तेव्हा फाल्गुनीनं जैन धर्मातले कडक नियम धरले होते. आई बरी झाली. नियम राहिले. आता ते नवस म्हणून नव्हते, आभार म्हणून होते. रोज सकाळी सामायिक, दोन घटकांचं ध्यान, झालं की ती त्या दिवसाची मर्यादा ठरवायची: आज खाण्याचे इतकेच पदार्थ, इतकीच वस्त्रं, इतकीच वाहनं. पाणी उकळलेलंच. आणि सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत घोटही नाही. याच नियमांवरून दोन स्थळं मोडली होती. तिसरं सुरतचं होतं. त्यांना सगळं पसंत होतं, फक्त लग्नानंतर नियम जरा सैल करावे, आमच्याकडे रात्रीची जेवणं असतात, असं त्यांनी गोडीनं सांगितलं होतं. रविवारी उत्तर द्यायचं होतं. पप्पा, शांतिलालजी, जबरदस्ती करणारे नव्हते. पण त्यांच्या कपाळावरची आठी तिला दिसत होती.

ज्याला त्याला आपण थोड्या कमी करून हव्या असतो, असं तिला वाटायचं. अभिनंदनही एक दिवस तेच म्हणाला तर? सुरतकरांचं ऐकून घेता आलं होतं... याचं ऐकवणार नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती तापीबाईंना सोबतीला घेऊन गावाबाहेरच्या विहारधामाकडे निघाली होती. तिथं साध्वीजी मुक्कामाला होत्या, तिला प्रतिक्रमणाला, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायला, बसायचं होतं. दोन्हीकडं उभा ऊस, मधून रस्ता. मागून एक आवाज आला – घोगरा, थोडा अडखळत, पण जिवंत. तिनं वळून पाहिलं. लाल, बुटकी, लांब नाकाची गाडी, आणि स्टिअरिंगमागे कानापर्यंत हसणारा अभिनंदन.

“चालली!” तो म्हणाला. “सगळ्यात आधी तुम्हीच बसायचं, असं ठरवलं होतं.”

फाल्गुनीनं लाल दारावरून एकदा हात फिरवला. हळूच म्हणाली, “आज नाही बसता येणार. आज मी वाहन धरलंच नाही. पायीच जायचा नियम आहे.”

ती वाट पाहत राहिली. एवढ्यानं काय होतं, कोण बघतंय, एक दिवस... यातलं काहीतरी आता येणार.

अभिनंदननं तिच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “मग आम्ही दोघं तुमच्या चालीनं येतो.”

आणि खरंच आला. पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखा, तिच्या शेजारून. तापीबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एक किलोमीटर असं झालं आणि एमजीच्या नाकातून वाफेचा लोट उठला. वेग नसला की इंजिनाला वारा लागत नाही. म्हातारी गाडी तापली होती. पाणीही निम्मं उडून गेलं होतं.

थंड झाल्याशिवाय पाणी ओतायचं नसतं, म्हणून तिघं थांबली. तो गाडीच्या पाठीवरून हात फिरवत तिची समजूत काढत होता, जुनं दुखणं आहे, बरं होईल म्हणत होता. पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांवर सूर्य टेकला. त्यानं सीटमागं पाहिलं, सीटखाली पाहिलं. पाण्याचा कॅन घरीच राहिला होता.

फाल्गुनीनं पिशवीतली उकळलेल्या पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं निश्चिंतपणे सगळी ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. इंजिन पुन्हा घुमलं, तेव्हा सूर्य बुडाला होता.

“तिन्हं पानी व्हतं ते,” तापीबाई म्हणाल्या. “आते सकायलोंग घोटभर बी पेवाव नही ती.”

अभिनंदनच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तो काही बोलणार, तोच फाल्गुनी म्हणाली, “गाडीला रात्रीचा नियम नाही ना. मग ठीक आहे,” आणि चालू लागली.

रविवारी सकाळी इचरजबाईंनी दार उघडलं तर पायरीवर अभिनंदन बसलेला. त्यांनी आत बोलावलं, चहा विचारला. फाल्गुनीचं पाणी आधी होऊ दे, एवढंच तो म्हणाला. उन्हं वर आली. फाल्गुनीनं रात्रीचा नियम सोडताना मूठ मिटून तीन नवकार मंत्र म्हटले, आईच्या हातून पेला घेतला आणि त्याच्याकडं पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते.

“तुम्ही...?”

“रात्री ताटावर बसलो. पेला समोर होता. घशाखाली उतरेना.”

“तुमचा कुठं नियम होता?”

“नव्हता. पण तहान तुमची होती, आणि गाडी माझी.”

पंखा फिरत होता. आतल्या खोलीत पप्पांचं वर्तमानपत्र हलायचं थांबलं. फाल्गुनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“तुमच्या घरी रात्रीची जेवणं असतात?”

“कारखान्यात रात्रपाळी असते,” तो म्हणाला. “डबा दिवस मावळायच्या आत खाऊन जाईन. सवय होईल.”

“तुम्ही नियम घ्या, असं मी म्हणत नाही.”

“सोडा, असं मीही म्हणणार नाही. कधीच.” मग, अगदी हळू, “फाल्गुनी... मला तुम्ही आहात तशाच हव्यात. सगळ्या.”

तिला वाटलं, सहा वर्षं जे आभार ती रोज मानत आली, त्यांना आज आणखी एक कारण मिळालं. डोळे भरले, ते तिनं पुसले नाहीत.

आतून पप्पांनी खाकरून विचारलं, सुरतला काय कळवू?

“त्यांचे आभार माना, पप्पा,” फाल्गुनी म्हणाली. “आणि नाही म्हणून सांगा.”

इचरजबाईंनी दुसरा पेला भरला आणि अभिनंदनच्या हातात दिला.