एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

"मुलगी शांत आहे. ओरडायची नाही."

भिंतीपलीकडे सासूबाई हे सासऱ्यांना सांगत होत्या आणि अलीकडे नवी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. नव्या सुनेबद्दल याहून वाईटसाईट बोललं जातं, हे ठाऊक असल्यामुळे तिने ते कौतुकातच जमा केलं. मग सासऱ्यांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"पावलं पुन्हा सुरू झालीत. परवा तर शेवटच्या वळणापर्यंत आली. उद्यापासून फळ्यापाशी तिलाच बसव."

हे मात्र कौतुकात बसेना.

घरचं काम तसं साधं. राजधानी बघायला आलेला माणूस राजवाडा बघतो, संग्रहालय बघतो, कारंज्यापाशी फोटो काढतो आणि मग दमलेले पाय ओढत चौकातला जुना मनोरा चढतो. त्या मनोऱ्याची राखण या घराकडे तीन पिढ्या होती. सासरे खिडकीत तिकिटं देत. नवरा पाहुण्यांना वर नेऊन 'तो सोनेरी घुमट, ती नदी' हे दिवसातून दहा वेळा तितक्याच उत्साहाने सांगे. घरी मात्र मीठ मागायलाही त्याला शब्द सुचत नसे. आणि घरातली एक बाई खाली दाराशी, फळ्याजवळ बसे. फळ्यावर साठ खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले. चढताना बिल्ला न्यायचा, उतरल्यावर परत द्यायचा. फळा भरला म्हणजे वर कुणी राहिलं नाही. मग दाराला कुलूप. जिना एकच, तीनशे अठरा पायऱ्यांचा.

एक्केचाळीसचा खिळा रिकामा होता.

"हा हरवलाय का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तो धरायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचे एकोणसाठ आले की झालं."

बिल्ले कसे पुसायचे ते दाखवताना त्यांचा डावा अंगठा तिच्या नजरेत भरला. नख मधोमध उभं चिरलेलं, खूप जुनं. उन्हं कलायच्या आत सासूबाई घरी निघाल्यासुद्धा. त्यांचे गुडघे म्हणे संध्याकाळीच दुखत, आणि तेही मनोऱ्यातच.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी धुकं उतरलं. नवरा शेवटचा घोळका घेऊन खाली आला, पाहुणे चौकात पांगले आणि तो तिथेच घुटमळला.

"ऐक ना... कुणी बिल्ला पुढे केला, तर हात पुढे करू नकोस."

"बिल्ले घ्यायलाच तर बसवलंय मला."

"एक्केचाळीसचा म्हणतोय मी." त्याने जिन्याकडे पाठ केली. "बारा वर्षांपूर्वी इथे काकू बसायची. तिने हात पुढे केला. सकाळी दाराशी तिच्या चपला होत्या... नुसत्या चपला. त्यानंतर इतकी वर्षं सगळं शांत होतं."

"आणि हे तुला माहीत असताना मी इथे?"

"बाबा म्हणाले, घरातलंच कुणीतरी लागतं," तो पुटपुटला. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली आणि तो गेला. किल्ली तिच्यापुढे राहिली.

पळून जाता आलं असतं. पण पळून जाणार कुठे? त्याच घरी.

तिने दिवा जवळ ओढला. ओल्या दगडाचा आणि कबुतरांचा नेहमीचा वास हळूहळू विरला आणि त्याजागी वर्षानुवर्षं बंद असलेली ट्रंक उघडल्यासारखा वास खाली उतरू लागला. मग पावलं ऐकू आली. खूप वरून. एक पाऊल टेकत, एक घासत. टेकत... घासत. शेवटच्या वळणाशी ती थांबली. तिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता.

अंधारातून एक हात पुढे आला. बाईचा. तळव्यावर पितळी बिल्ला होता, हिरवा पडलेला.

तिने आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट गुंफून ठेवले. आणि आजवर कुणी विचारला नसेल असा प्रश्न तिने विचारला.

"हा... कुणी दिला होता तुम्हाला?"

मग आवाज आला, जणू तो वापरायची सवयच गेली होती.

"नवी सून होती... तुझ्यासारखीच. डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं. माझा पाय मुरगळला. मी वरून हाक मारली... तिने मान वर करून बघितलं. मला बघितलं तिने. घरी जायला उशीर होत होता तिला... तिने कुलूप लावलं."

"मग सकाळी?"

"पावसामुळे मनोरा बंद ठेवला होता... आठ दिवस कुणी वर आलंच नाही."

हात तसाच पुढे होता.

"ती... कुठे असते आता?" अंधारातून प्रश्न आला.

घरी तिघं जेवायला बसले होते. टेबलावर ताटं तीनच मांडलेली होती. ती दारात दिसताच सासऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला, नवऱ्याने डोळे मिटून श्वास सोडला आणि सासूबाई आधी तिच्या तोंडाकडे, मग तिच्या पायांतल्या चपलांकडे बघत राहिल्या.

"आलीस?" त्या कशाबशा म्हणाल्या. "कुलूप नीट लावलंस ना?"

तिने किल्ली टेबलावर ठेवली. कपाटातून दोन ताटं काढली. एक आपल्यासाठी मांडलं, दुसरं सासूबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

"हे कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

बाहेर घराच्या जिन्यावर काहीतरी वाजलं. एक टेकत, एक घासत. खोलीत बंद ट्रंकेचा वास पसरायला लागला. सासूबाईंनी डावा अंगठा मुठीत लपवला.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"आई, त्यांना आपलं घर माहीत नव्हतं. म्हणून मी सोबत घेऊन आले."