कापलेल्या उपमा

लिफ्ट बंद होती, म्हणून ती दोघं जिन्यात भेटली. हातातल्या पुरवणीकडे बघत तो तणतणत उतरत होता, ती चहाचा कप सांभाळत चढत होती. धक्का लागला, चहा सांडला, आणि माफी मागायची सोडून तो म्हणाला, "बघा हो! गाण्याच्या कार्यक्रमावर एवढं मन लावून लिहिलं, आणि कुठल्या दगडाने कापलंय!"

"या दगडाने," ती म्हणाली.

तो पायरीवरच थबकला. "म्हणजे... तुम्ही?"

"हो. आणि 'दगड' हे रूपक झकास जमलंय. लेखात असं एकही नव्हतं."

ती वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीची उपसंपादिका, तो तिथलाच नवा संगीतसमीक्षक. त्या दिवसापासून दर शुक्रवारी लेख पाठवला, की तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागला. 'सूर पाण्यासारखा वाहत होता' वाचून ती विचारी, "कुठलं पाणी? नळाचं की नदीचं?"

"वाचकाला कळतं हो."

"तुम्हाला कळलंय का, ते विचारतेय. बातमीत उपमा चुकली तर माणूस बदनाम होतो. समीक्षेत चुकली, तर तुम्ही ऐकलंच नाही असं होतं."

एकेका उपमेवरून चहा गार होईपर्यंत भांडण चाले. शुक्रवारी ती जरा जास्तच नीट आवरून येऊ लागली होती. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी लेख आला. तो मात्र आला नाही. लेख एका नव्या गायिकेवर होता. सोबत फोटो. देखणी, मान जराशी कललेली... 'तिची तान म्हणजे रानात सुटलेला वारा.' 'तिचं थांबणं म्हणजे दारापर्यंत येऊन न वाजवलेली कडी.' 'तिचा सूर म्हणजे समुद्राच्या तळाशी पेटलेला दिवा.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याशी बोलताना या माणसाला 'चहा घेणार?' पलीकडे काही सुचत नाही, आणि हिच्यासाठी समुद्राचा तळ गाठतोय! तिने सटासट सगळ्या उपमा उडवल्या. उरलं ते एवढंच: 'गायिकेने चार गाणी म्हटली. आवाज चांगला आहे.'

संध्याकाळी, पान छपाईला जायच्या जरा आधी, तो धापा टाकत आला आणि तिच्या स्क्रीनवर डोकावला.

"सगळ्या कापल्यास?" तो पहिल्यांदाच 'तू'वर आला होता.

"जागा नव्हती."

"अर्धं पान रिकामं दिसतंय."

ती स्क्रीनकडेच बघत राहिली.

"खोट्या होत्या का?" त्याने हळूच विचारलं.

'हो' म्हटलं असतं तर सुटली असती. पण या बाबतीत ती आजवर त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. "नाही... एकही खोटी नव्हती. म्हणूनच कापल्या."

तो हसायलाच लागला. "एकही नाही? अगं, समुद्राच्या तळाशी दिवा पेटेल कसा? मुद्दाम घातली होती ती! म्हटलं, आज तू स्वतःहून बोलावशील, तासभर भांडशील. खाली कँटीनमध्ये वाट बघत बसलो होतो."

ती कानापर्यंत लाल झाली. "मत्सराने आंधळी झाले होते मी."

"हे रूपक?"

"ही बातमी आहे," ती पुटपुटली.

त्याने खुर्ची ओढली. "तिच्यावर लिहिणं माझं काम आहे. तुझ्यापाशी येऊन बसणं... ते काम नाही. आवडतेस तू मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू कापलं असतंस तर?"

आता तिलाही हसू आवरेना. बिचाऱ्या गायिकेचा काय दोष, म्हणत तिने वारा परत घेतला, कडीही घेतली. दिवा तेवढा बाहेरच ठेवला. तो भांडायला तोंड उघडणार, इतक्यात टेबलाखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि भांडण राहूनच गेलं.

"पान सोडलं का?" आतून संपादक ओरडले.

"सोडलं!" ती म्हणाली.

हात मात्र तिने सोडला नाही.