रिकाम्या खोलीचं एक मिनिट

दिवा बारीक करा, मोबाइल उलटे ठेवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

माझा एक दोस्त होता. गाता येत नसे, पण कान असा की सगळे त्याला कानसेनच म्हणायचे. आम्ही दोघं रेडिओवर. तो आवाज टिपायचा, मी कापायचो. निवेदक नाही, संगीत नाही, नुसती एकट्या राहणाऱ्या माणसांची बोलणी आणि त्यांच्या घरातले आवाज, असले कार्यक्रम तो करी. साहेब म्हणायचे, "हे ऐकणार कोण, भुतं?"

खाणीमागची एक वस्ती उठवली होती. एक मावशी तेवढी उठली नाही. नऊ वर्षं एकटी राहिली. कागदावर मात्र वस्ती नऊ वर्षं रिकामी. कानसेनच्या माइकसमोर ती ठणकावून म्हणाली, "कोण म्हणतं रिकामी? मी आहे ना इथे!" हे वाक्य लागणारच, असा त्याने शब्द दिला. मग वरून फोन आला. साहेबांनी मला सांगितलं आणि मी ते पुसलं. नोकरीला भ्यालो. त्याची लाज अजून वाटते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मुलाखत झाली की सगळ्यांना बाहेर काढून त्या खोलीची मिनिटभर शांतता टिपायची. कापाकापीचे सांधे तिने बुजतात. कानसेन नेमकी तीच विसरला होता. म्हणून गुरुवारी रात्री पावणेदहाला तो परत निघाला. वाटेत मावशीला पाणी पोचवणारा टँकरवाला भेटला. म्हणाला, "मावशी सकाळीच गेली हो. आम्हीच चौघांनी पोचवलं."

तरी हा गेला. दार नुसतं लोटलेलं. आत एक खाट, एक खुर्ची. माइक लावला, हेडफोन चढवले.

दहा सेकंद. काही नाही.

वीस. खुर्ची करकरली.

हेडफोन काढले. काही नाही. पुन्हा चढवले... श्वास. अगदी कानाशी.

"मावशी," तो कसाबसा बोलला, "तुमचं वाक्य कापलं हो."

...

"मग हलू नकोस," हेडफोनमधून आलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची न हलायची खोड मेल्यावरही गेली नाही. आणि हा पठ्ठ्याही हलला नाही. पूर्ण साठ सेकंद.

शनिवारी कार्यक्रम लागला. मी वाक्य काढलं होतं तिथे त्याने ते अख्खं मिनिट घातलं. साहेब खवळले. हा म्हणाला, "रिकामी आहे म्हणता ना? मग रिकामी खोलीच ऐका."

मी ते मिनिट दहा वेळा ऐकलंय. श्वास नाही. खुर्ची नाही. कानसेनचं स्वतःचं बोलणंही नाही त्यात.

पण त्या रात्री स्टेशनच्या फोनवर बत्तीस मेसेज आले. गावं वेगळी, माणसं वेगळी, आणि सगळ्यांचं विचारणं एकच... "मी आहे ना इथे" म्हणणाऱ्या त्या बाई कोण?