कडीला अडकवलेली दस्ती

भुताखेतांच्या गोष्टी मी सांगत नाही. हरिकथा ऐकण्यात जन्म गेला, आता या वयात खोटं कशाला बोलू? पण हे माझ्या सख्ख्या भाच्याच्या, हेरंबच्या बाबतीत घडलंय. शब्द त्याचेच आहेत. गावाचं नाव तेवढं त्यानं घेऊ दिलं नाही.

आणि आधीच सांगते... ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. वेळ, सकाळी साडेदहा ते भर दुपारी बारा. तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, बेला गावाच्या पुढं पैनगंगेच्या काठावरचं एक पंपघर.

हेरंब नेटवर्क दुरुस्तीची कामं करतो. त्या पंपघरातला राउटर तीन दिवसांपासून मुका झाला होता. तिथला पंप आदिलाबादहून, कॉम्प्युटरवरून चालतो. राउटर मुका, म्हणजे हुकूम पोचत नाही. हुकूम नाही, तर पाणी नाही. अकरा गावं, पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आणि कोरडे नळ.

पंपघरावर फकिरा एकटाच होता. पन्नाशीचा, हडकुळा, गळ्यात तुळशीची माळ. माळ पाहून हेरंबला बरं वाटलं.

"आले का सार! बाया माह्या जिवावर उठल्या ना. काल एकीनं तं घागरच फेकून मारली."

"लागली का हो मामा?"

"रिकामी होती, सार. तेच तं भांडण हाय."

हेरंब हसला. "तासभर लागेल," म्हणाला आणि फोनला रेंज मिळावी म्हणून बाहेर लिंबाखाली गेला. आदिलाबादच्या कंट्रोल रूममध्ये त्याचा मित्र भार्गव बसायचा.

"पंपाला हुकूम देऊन ठेवलाय," भार्गव म्हणाला. "तू फक्त लिंक आण. लिंक आली त्या क्षणी पंप आपोआप फिरेल."

दहा मिनिटांनी हेरंब आत आला. फकिरा दिसला नाही.

राउटरच्या लोखंडी कपाटाच्या कडीला एक दस्ती अडकवली होती. दस्ती म्हणजे खांद्यावरचा गमछा. कपाट उघडायला ती मधे येत होती. हेरंबनं काढली, कपाळाचा घाम पुसला आणि गळ्यात टाकली.

चूक तिथंच झाली.

राउटरचे दिवे लागलेले होते. पंखा घरघरत होता. पण उत्तर काही देईना. अशा वेळी एकच वाट उरते. राउटरला कन्सोल नावाचं एक भोक असतं. त्यात निळी चपटी केबल घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला. मग मधे नेटवर्क नाही, इंटरनेट नाही. तुम्ही आणि ते यंत्र, समोरासमोर.

काळा पडदा. लुकलुकणारा कर्सर.

एंटर.

काही नाही.

पुन्हा एंटर...

काही नाही.

दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही, तर निदान वेडीवाकडी अक्षरं तरी उमटतात. त्यानं सगळे वेग लावून पाहिले. तीही येईनात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. इथं तुम्ही दाबलेलं अक्षर लॅपटॉप दाखवत नाही. ते केबलमधून पलीकडे जातं, पलीकडचा ते परत पाठवतो, तेव्हा कुठं पडद्यावर दिसतं. अगदी कीर्तनासारखं. बुवांनी ओळ टाकायची, मागच्यानं तीच परत म्हणून झील धरायची. हेरंब लहानपणी माझ्या कीर्तनकार वडिलांच्या मागं झांज घेऊन झील धरायचा, म्हणून त्याला हे नेमकं कळतं. झील आली, म्हणजे मागं कुणीतरी उभं आहे.

त्यानं आपलं नाव टाइप केलं. पडदा काळाच.

आणि मग...

एक अक्षर आलं. त्यानं न दाबलेलं.

मग दुसरं. मग तिसरं. सावकाश. सवय नसलेल्या माणसानं एका बोटानं शोधत शोधत दाबावं तसं.

अक्षरं इंग्रजी. शब्द मराठी.

'उतरलो.'

हेरंब उठून दाराशी गेला. भार्गवला फोन लावला.

"तू काही लिहितोयस का रे राउटरवर?"

"लिंकच नाही तर मी कुठून लिहू? ऊन लागलं का तुला? ताक पी जरा."

हेरंब परत आला. अडकलेलं यंत्र बंद करून चालू करायचं, हा या धंद्यातला शेवटचा उपाय. त्यानं प्लग उपटला.

दिवे गेले. पंखा थांबला.

केवढी शांतता! नदीकाठ असून एक पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं...

मग टाळ वाजला. एकदाच. फरशीच्या खालून.

प्लग त्याच्या हातात होता. हातात! आणि पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटायला लागली.

'उतरलो.'

वीज नसलेल्या यंत्रातून.

खोलीत ओल्या गाळाचा वास भरला. हेरंबला पळायचं होतं, पण... तोंडात पांडुरंगाचं नाव आणि बोटं आपोआप कळांवर. लहानपणची सवय. ओळ आली की परत द्यायची. त्यानं तोच शब्द टाइप केला. उतरलो.

या वेळी त्याची अक्षरं पडद्यावर दिसली.

कुणीतरी झील धरली होती.

आणि त्याखाली दोन शब्द आले.

'दस्ती लाव.'

त्याच क्षणी मानेवरून काहीतरी थंड ओघळलं. त्यानं हात लावला. गळ्यातली दस्ती... मघाशी कडक वाळलेली दस्ती... ओलीचिंब होती.

"सार!"

दारात एक बाई उभी होती. फकिराची बायको बयनाबाई, नवऱ्याचा डबा घेऊन आलेली. तिची नजर हेरंबच्या गळ्यावर गेली आणि हातातला डबा खाली पडला.

"ते दस्ती काऊन काढली तुमी?"

"मला वाटलं..."

"हे खाली हायेत ना, सार! खाली उतरले हायेत हे!"

तिनं दस्ती हिसकावली, कडीला बांधली आणि मागच्या विहिरीकडे धावली. नदीचं पाणी त्या विहिरीत येतं, तिथून पंप ते ओढतो. चाळीस फूट खाली, कमरेइतक्या गाळात फकिरा उभा होता. पंपाच्या तोंडाशी अडकलेलं गवत काढत. खांद्यापर्यंत हात आत.

लिंक आली असती तर...

"वर या मामा! वर या!" हेरंब ओरडला.

फकिरा सावकाश शिडी चढून आला. बयनाबाई रडत होती. रडता रडताच तिनं सांगितलं.

"जो खाली उतरते, तो दस्ती लावते. त्यानंच काढाची, दुसऱ्यानं हात लावाचा नाई. आधी पंपाच्या बटणाले लावत. दोन वर्षांआधी ह्यांचे थोरले भाऊ, चंपतभाऊजी, असेच लावून उतरले. दस्ती बटणाले होती, सार. बटण कोणी दाबलंच नाई. हुकूम तिकून आला, आदिलाबादून, अन् भाऊजी वर आलेच नाई. कॉम्प्युटरले दस्ती कुठून दिसते?"

तेव्हापासून फकिरा दस्ती राउटरच्या कपाटाला लावायचा. हुकूम त्या कपाटातून येतो, म्हणून.

"पण मामा, मला सांगायचं तरी!" हेरंब म्हणाला.

फकिरा चकित झाला. "सांगतलं ना, सार! शिडीवरून 'उतरलो' म्हणून आवाज देल्ला. वरून तोच आवाज परत आल्याबिगर आमी पाय खाली टाकत नाई. तुमीच तं परत देल्ला. लय सुरात. मी म्हणलं, सार कीर्तनातले दिसतेत."

हेरंब तेव्हा लिंबाखाली फोनवर होता.

बयनाबाईनं पदर तोंडाशी नेला. "भाऊजी देवळात झील धरत," ती हळूच म्हणाली.

फकिरा आत गेला, "वर आलो" असं मोठ्यानं म्हणाला आणि आपल्या हातानं दस्ती सोडली.

हेरंबनं प्लग लावला. राउटर शहाण्या पोरासारखा उठला. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. लिंक आली. पायाखालची फरशी थरथरली आणि पंप फिरू लागला. बरोबर बारा वाजले होते. अकरा गावांना पाणी गेलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण कन्सोलवर जे जे उमटतं, ते हेरंब लॅपटॉपमध्ये साठवून ठेवतो. धंद्याची शिस्त. दोन दिवसांनी माझ्या घरी बसून त्यानं ती फाइल उघडली. मीही पाहिली, या डोळ्यांनी. दोनदा 'उतरलो.' मग त्यानं दिलेली झील. 'दस्ती लाव.' मग राउटरच्या ओळी, लिंक आल्याची नोंद, बारा वाजताची.

आणि त्याच्याही खाली, अगदी शेवटी, आणखी एकदा...

'उतरलो.'

फकिरा तर तेव्हा वर आलेला होता. दारात बायकोशेजारी उभा होता.

मी त्या गावच्या देवळात चंपतच्या नावानं कीर्तन लावलं. हेरंबनं झील धरली. त्यानंतरही तो निळी केबल एकट्यानं जोडत नाही. म्हणतो, "आत्या, त्या फाइलमध्ये मी 'वर आलो' किती शोधलं. कुठंच नाही गं."

आणि पंप तर रोज सुरू होतो...