बायोडाट्यातली बंदूक

दार धाडकन उघडलं, मोनाली दचकली आणि छर्रा गेला तो थेट टार्गेटच्या कोपऱ्यात! सकाळपासूनची मेहनत पाण्यात. आता या माणसाची चांगली खरडपट्टी काढायची, म्हणून ती वळली... आणि वळल्यावर बोलायचंच विसरली.

दारात बायोडाट्यातला मुलगा उभा होता. धम्मपाल. टेक्सासचा! फोटोत डोक्यावर काऊबॉयची टोपी, खांद्यावर लांबलचक रायफल, खाली लिहिलेलं – 'छंद : नेमबाजी'. रविवारी तो तिला बघायला येणार होता. आणि आज गुरुवारीच तो नवीन जालन्यात, सरकी-पेंडीच्या गोदामावरच्या एवढ्याशा रेंजवर, जिना चढून धापा टाकत उभा!

"मॅडम," तो म्हणाला, "तीन दिवसांत बंदूक शिकवता का?"

आता तुम्ही म्हणाल, त्यानं हिला ओळखलं कसं नाही? अहो, ओळखणार कसा! बायोडाट्यासाठी स्टुडिओवाल्यानं मोनालीचा फोटो इतका उजळ केला होता, की सख्ख्या मावशीनं विचारलं, "ही कोण गं?" त्यात इथं अंगात ताडपत्रीसारखं ताठ शूटिंग जॅकेट, डोक्यावर टोपी आणि एका डोळ्यापुढं पट्टी.

"तीन दिवसांत?" मोनालीनं आवाज कडक केला. "का बरं? कुठं लढाई लागली?"

"लढाईच समजा. रविवारी मुलगी बघायला चाललो. राज्यपातळीवरची नेमबाज हाय म्हणे. तिचे वडील म्हणले, चहा झाला की अंगणात दोघांचा नेम बघू." तो कसनुसा हसला. "आन् मी तर आजपस्तोर टिकल्यांची बंदूकबी धरली न्हाई."

मोनालीसाठी ही तिसरी सोयरीक होती. पहिले पाहुणे म्हणाले, "पोरगी गुणाची, पण रागात आली तर?" दुसऱ्यांनी सरळ सांगितलं, रायफल माहेरीच ठेवून यायचं. म्हणून तर तिच्या वडिलांनी, देवानंद गुरुजींनी, टोपीवाला फोटो बघितला आणि मांडीवर थाप मारली, "जमलं! याला बंदुकीचं वावडं न्हाई!" मोनालीही मनातून सुखावली होती. आणि हा बाबा तर निव्वळ थापाड्या निघाला! हाकलूनच द्यावं असं तिला वाटलं. पण त्याचे डोळे फोटोतल्यापेक्षाही चांगले होते, त्याला ती तरी काय करणार?

"उभे राहा," ती म्हणाली. "आन् मला नुसतं मॅडम म्हणायचं."

मग जी तऱ्हा सुरू झाली, ती काय सांगावी! त्यानं रायफल अशी काही कवटाळली, की मोनाली ओरडलीच, "अहो, तान्हं बाळ न्हाई ते!" घोडा दाबताना गडी दोन्ही डोळे गच्च मिटायचा. का, तर म्हणे आवाज होईल. "हवेवर चालती ती," मोनाली म्हणाली, "नुसती फुस्स करती." पहिला छर्रा शेजारच्या टार्गेटला लागला, दुसरा भिंतीला आणि तिसरा कुठं गेला ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

शुक्रवारी दोघं खिडकीत चहा घेत बसली. खालून पेंडीचा गोडसर वास येत होता.

"अमेरिकेत ऱ्हाऊन बंदूक न्हाई शिकले?"

"तिथलं काय सांगू, मॅडम! आमच्या शेजारी हँक म्हणून म्हातारा. घरात नऊ बंदुका! मी इचारलं, कशाला एवढ्या? तं म्हणला, आमचा हक्क हाय, घटनेत लिहेल हाय. पाव घ्यायला दुकानात जावं, तं पलीकडच्या फळीवर गोळ्यांचे डबे. सुट्टीला लोक लेकराबाळांसकट नेम मारायला जातेत, आपण हुरडा खायला जातो तसे. माणूस लई चांगला. मी आजारी पडलो तवा सूप घेऊन आल्ता. पण मी एकदा चुकून भलत्याच दारावर गेल्तो. बेल दाबली, आन् मंग पाटी वाचली... 'न विचारता आलात तर गोळी घालू.' असा पळालो, मॅडम, की एक चप्पल तिथंच!"

मोनाली हसता हसता खिडकीतून पडायचीच बाकी राहिली. "मंग तो फोटो? म्हणजे... बायोडाट्यात काही फोटोबिटो दिला असेल न?"

"हँकची बंदूक, हँकचीच टोपी. गमतीनं आईला पाठवला, आन् आईनं तोच छापून सगळ्या सोयऱ्यांत वाटला! मी तिथं साधा कंप्युटरवाला. आता तं कायमचाच परत आलो, इथं बियाणे कंपनीत."

"मंग खरं सांगून टाका न त्या मुलीला."

"ती न्हाई म्हणंल." तो कपातल्या चहाकडं बघत राहिला. "तिच्या फोटोचं सोडा, तो तं भिंतीला चुना दिल्यावानी होता. पण बायोडाट्यात खाली एक ओळ होती... 'लग्नानंतर रायफल सुटणार नाही.' इतकं सरळ लिहिणारी पोरगी! तिच्यासमोर खोटं बोलायची लाज वाटून राह्यली मला."

ती ओळ मोनालीनं आईबापाशी भांडून लिहिली होती. आता बोलावं, टोपी काढून टाकावी, असं तिला फार वाटलं. पण नाही. त्यानं आपणहून खरं बोलायला हवं. रविवारी हा खोटं बोलला, तर जीव कितीही तुटो, आपण नाहीच म्हणायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

शनिवारी त्याचा एक छर्रा काळ्या गोलात बसला. आणि तोही स्वतःच्याच टार्गेटच्या! आनंदाच्या भरात त्यानं तिचा हात धरला... आणि सोडायचं दोघांनाही सुचेना.

"मॅडम... तुमचं लग्न झालंय?"

"समोर बघा," मोनाली कशीबशी म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

रविवारी देवानंद गुरुजींनी अंगणातल्या भिंतीला टार्गेट टांगलं. धम्मपालची आई, द्वारकाबाई, मंठ्याहून नवं लुगडं नेसून आली होती. "आमचा धम्मपाल तिकडं उडतं पाखरू पाडतो!" ती सांगत होती. धम्मपाल मान खाली घालून फरशा मोजत होता. साडीतली मोनाली चहा ठेवून गेली, तरी पठ्ठ्यानं मान वर केली नाही.

"चला पाव्हणे," गुरुजींनी रायफल त्याच्या हातात दिली.

त्यानं ती खांद्याला लावली. बरोबर, अगदी तिनं शिकवलं तशी! दारामागून मोनाली बघत होती. आता हा नेम धरणार, सगळे वाहवा करणार, आणि आपल्याला नाही म्हणावं लागणार. तिचे डोळे भरून आले.

त्यानं रायफल खाली ठेवली.

"मला बंदूक येत न्हाई, सर. फोटोतली शेजाऱ्याची होती."

"अरे मुडद्या!" द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला.

"आन् अजून एक हाय." आता तो थांबेचना. "रेंजवर तीन दिवस एका मॅडमनं शिकवलं. माझं मन तिच्यातच अडकलं. तुमच्या पोरीला फसवणं बराबर न्हाई. माफ करा."

द्वारकाबाई मटकन खाली बसली. गुरुजी मात्र चष्मा काढून पुसू लागले. जालन्यातल्या त्या रेंजवर शिकवणारी मॅडम एकच आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

"त्या मॅडमला इचारलं का मंग?" दारातून आवाज आला.

धम्मपालनं झटकन मान वर केली. साडी बघितली, चेहरा बघितला, पुन्हा साडी बघितली. तोंड उघडंच राहिलं. "मॅ... मॅडम?"

"पण मोने," गुरुजी हसू दाबत म्हणाले, "तुला तं बंदूकवाला पाहिजे होता न?"

"बंदूकवाला न्हाई, बाबा. माझी बंदूक घरात असू देणारा पाहिजे होता." तिनं डोळे पुसले. "आन् खरं बोलणारा."

धम्मपालला घाम फुटला होता. तो चाचरत म्हणाला, "मंग मी... लग्नाचं बोलायला कधी येऊ?"

"आलेच आहात न," मोनाली म्हणाली. "बोला की!"