अद्याप वास येत नाही

साबणाच्या त्या कारखान्याचे परिपत्रक म्हणते : ‘आस्थापनेचा आपल्या कर्मचाऱ्यांवर संपूर्ण विश्वास असून आजारपणाची रजा कोणत्याही चौकशीविना मंजूर केली जाते.’ वाक्य देखणे आहे. खोट एवढीच, की रजेच्या दुसऱ्याच सकाळी या संपूर्ण विश्वासाने दारावरची घंटा वाजवली, तेव्हा त्याच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत तीन बाटल्या होत्या.

दार ताईने उघडले. ताई शिक्षिका. तिच्या शाळेत आजारी पडायला पूर्ण मुभा होती. आपल्या जागी कोण शिकवणार, एवढे मात्र अंगात ताप असताना स्वतःच शोधून द्यावे लागे. त्यामुळे असल्या औदार्याशी तिची जुनी ओळख होती.

“कारखान्याकडून का?”

“कारखान्याने नेमलेल्या संस्थेकडून. आपल्या बहिणीला वास येत नाही, याची खात्री करायची होती.”

“करा. तिला येत नसेल, मला मात्र यायला लागलाय,” ताई म्हणाली आणि बाजूला झाली.

धाकटी पांघरूण लपेटून बसली होती. तिची नोकरी नाकाची. साबणात मिसळायचा प्रत्येक सुगंध आधी तिच्या नाकाखालून जाई. बांधणी विभागात सर्दीला आजार मानत नसत. तिथे नाक गळत असले तरी हात चालतात. तिच्या विभागात मात्र सर्दीला रजा होती आणि रजेच्या पाठोपाठ संशय. चोंदलेले नाक बाहेरून कुणाला दिसणार? रजा खोटी ठरली की सरळ घरचा रस्ता.

संस्थेच्या माणसाने पहिल्या बाटलीचे लाल झाकण फिरवले.

“काही येतंय?”

“काही नाही.”

“आणि हे?”

“नाही... तुम्ही रोज येणार?”

“बरं वाटेपर्यंत. नियम आहे.”

“तुमचा, की कारखान्याचा?”

त्याने लावलेले झाकण पुन्हा एकदा घट्ट केले, एवढेच.

तो रोज आला. तीन बाटल्यांना लागतो त्याहून जरा अधिक वेळ बसू लागला. ताईने चहाचा तिसरा कप काढून ठेवायला सुरुवात केली. शिक्षकांना कॉपी कळते, पकडायची कधी हेही कळते.

बुधवारी सकाळी तो दारातून आत आला आणि त्याच्या आधी त्याचा वास आत आला — ओल्या लोकरीचा, तासलेल्या पेन्सिलीचा. तिचे नाक उघडले होते. तिने श्वास जरा लांबवला... मग बाटली समोर आली.

“काही येतंय?”

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

गुरुवारीही ती तेच म्हणाली. नोकरी एका शब्दावर टांगलेली होती आणि तो शब्द ती रोज हसू दाबून उच्चारत होती.

शुक्रवारी तो आला तो लाल नाक, बसलेला आवाज आणि तापाने चमकणारे डोळे घेऊन. ताई शाळेत गेलेली.

“तुम्ही आजारी आहात.”

“आमच्या संस्थेत आजारपण नसतं.”

“कुणीच आजारी पडत नाही?”

“पडतात. पण रजा नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून आजारपण नाही.”

तिने त्याला खुर्चीत बसवले, गरम पाण्याचा पेला हातात दिला. मग तो बाटल्यांकडे पाहत म्हणाला, “प्रत्येक वासाला झाकणाचा रंग ठरलेला असतो. काल बाटल्या धुऊन भरल्या आणि तापाच्या भरात झाकणांची अदलाबदल झाली. कुठल्या बाटलीत काय, मला आता कळत नाही. उद्या तुमच्या मोठ्या बाईंची तपासणी आहे.”

मोठ्या बाई म्हणजे विभागातले सर्वांत जुने नाक. त्याही रजेवर होत्या आणि तिन्ही वास बरोबर ओळखले तरच कामावर परतणार होत्या. त्या खरे तेच सांगणार, झाकण भलतेच म्हणणार आणि विश्वासू आस्थापना झाकणावर विश्वास ठेवणार.

तिने पेल्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. मग एकेक बाटली उघडली.

“लाल झाकणात कॉफी. पांढऱ्यात व्हिनेगर. निळ्यात लवंगेचं तेल.” ती थांबली. “बुधवारपासून येतोय वास. लिहा आता.”

पेन्सिल हलली नाही.

“लिहा की... आणि एक सांगा. हे रस्त्यावरच्या कुणालाही विचारता आलं असतं. ज्या बाईला वास येत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय, नेमकं तिलाच का विचारलंत?”

त्याने पेला खाली ठेवला आणि जबाब द्यावा तसा सावकाश बोलला :

“बुधवारी मी लाल झाकण फिरवण्याआधीच तुम्ही मान मागे घेतलीत. वास येत नसेल, तर बंद बाटलीपासून कुणी मान मागे घेत नाही. मी ते पाहिलं आणि ‘अद्याप वास येत नाही’ असं लिहिलं. गुरुवारीही लिहिलं. रजा तुमची खोटी असेल, पण पडताळणी माझी खोटी आहे... आणि सोमवारी तुम्ही कामावर गेलात, तरी संध्याकाळी मला यायचंय. बाटल्यांशिवाय.”